क्रम मोडायचा नाही

"क्रम मोडायचा नाही," असं म्हणत मिस्त्री आधी चिंधीने बोटांचं तेल पुसायचे आणि मग बायबल उघडायचे. रोज एक स्तोत्र, लेथ सुरू करण्याआधी, उभ्यानेच, मोठ्याने. दीडशे संपली की पुन्हा पहिलं.

साकीनाक्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ते एकटेच ख्रिस्ती, नगरकडचे. बाकी आम्ही बहुतेक कोकणातले. मी स्टोअर सांभाळायचो. ऐंशीनंतरची ती वर्षं.

एका दिवाळीत, मिठाईचे डबे वाटायच्या दिवशी, नेमकं दुष्टांचे दात पाडण्याचं स्तोत्र आलं.

"कोणाचे दात ओ मिस्त्री? सुपरवायझरचे?" राणे ओरडला.

"नाव आपण घालायचं नाही. यादी देवाकडं असते."

सुपरवायझरही हसला, पण तोंड मिटून.

मी एकदा विचारलं, "मन आनंदात असताना रडगाणं कशाला वाचायचं?"

"आज माझं नसेल, कोणाचं तरी असेलच ना, भाऊ. त्याच्या वतीनं म्हणायचं. मनाजोगतं निवडत बसलो, तर मी माझ्याशीच बोलत बसेन."

मग माझी आई गेली. तेरावं करून कामावर आलो, पण देवापुढे उभं राहिलं की तोंडून शब्द फुटत नव्हता. घरात दिवाही लावत नव्हतो. त्या सकाळी अठ्ठ्याण्णवावं होतं, नद्या टाळ्या वाजवतात ते. मिस्त्रींनी पान उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने दहा स्तोत्रं मागे गेले. अठ्ठ्याऐंशीवं. तुम्ही वाचलं असेल, तर तुम्हाला ठाऊक आहे: ते काळोखातच संपतं.

"अहो, हे तर झालं होतं!" राणे म्हणाला.

"झालं होतं. भाऊंच्या घरी आज आलंय."

त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि देवाशी बोललो. भांडलोच म्हणा.

दोन वर्षांनी मिस्त्री झोपेतच गेले. मातीच्या वेळी त्यांच्या बायकोने ते बायबल माझ्या हातात दिलं. दुसऱ्या सकाळी वर्कशॉपमध्ये उघडलं, तर खुणेची फीत शेवटच्या स्तोत्रावर. नाच, डफ, झांजा.

"भाऊ, आज हे नको रे," राणे हळूच म्हणाला. "ते काळोखाचं वाच ना."

मी चिंधीने बोटं पुसली. त्यांना तेल नव्हतंच.

"क्रम मोडायचा नाही," म्हणालो आणि वाचू लागलो. झांजांपाशी आवाज अडकला, तेव्हा राण्याने मिस्त्रींचा लेथ सुरू केला.