काटा कुठं हुता?

मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. "दाजी, दादा गेले," एवढं बोलून तो थांबला. मग स्वतःला सावरत म्हणाला, "तुमी सावकाश या. घाई करू नका. तुमची सोय केलीय." माझे सासरे गेले होते, आणि त्या घरात माझी सोय केली जात होती... बायकोला, मंगलला, तिच्या शाळेतून घेतलं आणि आम्ही नगरहून सोनईला पोचलो. अंगणात सतरंजीवर माणसं दाटीनं बसली होती. मी दिसताच कुणीतरी लगबगीनं आत गेलं आणि लाल प्लास्टिकची खुर्ची आणून पायरीजवळ ठेवली. मी खाली बसायला लागलो, तर दोन वडीलधाऱ्यांनी दंडाला धरून मला वर बसवलं. दादांचे सख्खे भाऊ जमिनीवर, दादा स्वतः जमिनीवर, आणि मी एकटा खुर्चीत. तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा मी पुढे सरकलो, तर चुलत सासऱ्यांनी छातीवर हात ठेवून मला मागे सारलं. त्यांच्या भावकीत जावयाला खांदा देऊ देत नाहीत. मी मान खाली घालून सगळ्यांच्या मागून चालत राहिलो.

त्या खुर्चीशी माझं नातं जुनं आहे. लग्नानंतर पहिल्यांदा सोनईला गेलो तेव्हा ती नवी कोरी होती, आता तिचा रंग उडून ती विटकरी झालीय. मी आलो की ती कडुनिंबाखाली मांडायची, मी बसायचं आणि बाकीच्यांनी माझ्याभोवती कामं करायची. कांद्याच्या गोण्या ट्रॅक्टरमध्ये चढायच्या, मी बघायचो. एकदा गोणीला हात घातला तर दादा अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "ओ पाव्हणं! ठिवा ती खाली. आमी काय मेलोत का?" दादांचा आवाजच तसा होता. माणूस उंच, तापट, आणि आपलं चुकतं हे ठार अमान्य असलेला. गड्यांना शिव्या, पोराला शिव्या, ट्रॅक्टरला तर शिव्या दिल्याशिवाय तो सुरूच होत नाही असा त्यांचा समज. मला मात्र सतत अहोजाहो. मेहुण्याला शिवी बसली की मला त्याचा चक्क हेवा वाटायचा. घरचं असल्याशिवाय दादा कुणाला शिव्या देत नसत.

माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे एकच विषय होता, माझी गाडी. जुनी पेट्रोलची, चार दारांची. मी अंगणात उतरलो की पायावर पाणी घ्यायच्याही आधी ते येऊन बॉनेटवर तळवा ठेवायचे आणि विचारायचे, "काटा कुठं हुता?" इंजिनाच्या तापमानाचा काटा. मी म्हणायचो, मधोमध. "मग बरंय," म्हणून ते खुर्चीकडे हात करायचे. पुढच्या मुक्कामात आमच्यात फारसं बोलणं होत नसे. मीही कधी दुसरा विषय काढला नाही, कारण काय बोलावं ते मला सुचायचं नाही.

एका उन्हाळ्यात मात्र काटा मधोमध राहीना. घोडेगावच्या पुढे एकदम लालवर चढायचा, क्षणात खाली पडायचा. इंजिनाचा पंखा थांबायचं नाव घेईना, आणि सकाळी गाडी सुरू करताना नाकी नऊ यायचे. दादांनी ऐकताक्षणी निदान केलं, "थर्मोस्टॅट गेला. काढून टाकायचा. आपल्याकडं काय थंडी पडती का?" आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनी ती इंजिनातलं पाणी अडवणारी झडप काढूनही टाकली. काटा तसाच नाचत राहिला. नगरच्या मेकॅनिकनं थर्मोस्टॅट परत बसवला, मशीन लावून बघितलं, आणि इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सरच गेल्याचं सांगितलं. मी फोनवर दादांना कळवलं, तर पलीकडून हुकूम आला, "तिथं बसवू नका. पार्ट घिऊन या. धोंड्याच्या महिन्यात यायचंच हाय तुमाला." थर्मोस्टॅटचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

संध्याकाळी पोचलो. इंजिन रात्रभर गार होऊ दिलं आणि सकाळी दादा कामाला लागले. माझी खुर्ची अर्थातच मांडलेली. घरात माई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मंगल अनारसे तळत होत्या. सेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढी पितळी वस्तू, इंजिनाच्या बाजूला आट्यांनी बसवलेली, वर वायरीची टोपी. दादांचा बेत सोपा होता. जुना काढला की लगेच भोकाला बोट लावायचं आणि नवा आट्यात धरून हातानंच फिरवायचा, म्हणजे कूलंट सांडत नाही. जुना निघाला. मग बराच वेळ काहीच होईना. हिरवं पाणी दादांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि खाली टपटपायला लागलं. मी खुर्चीतून मान उंचावली तेव्हा मला त्यांचा उजवा हात दिसला. तो थरथरत होता. नवा सेन्सर भोकाशी न्यायचे, तो आट्यावर वाकडा टेकायचा, की मागे घ्यायचे. तसाच रेटला असता तर आटे मरून सगळंच वाया गेलं असतं. वर्षभर ते बशी दोन्ही हातांनी धरून चहा पीत होते, आणि मला ती त्यांची नवी सवय वाटली होती.

त्यांनी वळून बघितलं. माझ्याकडे नाही, आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं... जरा इकडं या. कुनी बगत न्हाई ना?"

मी गेलो. त्यांनी बोट काढलं, मी सेन्सर आट्यात धरला, तो सरळ लागला आणि सुरसुर फिरत आत गेला. दादांनी पाना माझ्या हातात दिला. "हळू. बास. बास म्हन्लं ना, तोडतोस का आता!" पहिल्यांदा अरेतुरे... त्यांनी जीभ चावली आणि मी खुळ्यासारखा हसलो. कूलंट भरलं, गाडी सुरू केली. दोघं शेजारी शेजारी वाकून बघत राहिलो. काटा सावकाश चढत मध्यावर आला आणि तिथेच थांबला. त्यानंतर दादांनी मला हौदापाशी नेलं, धुण्याची पावडर माझ्या तळव्यांवर ओतली आणि स्वतः तांब्यानं पाणी घातलं. तांब्या थरथरत होता. नखांतलं काळं निघेपर्यंत त्यांनी मला हलू दिलं नाही.

दुपारी ताटावर बसलो तेव्हा धोंड्याच्या वाणासोबत माझ्या पुढ्यात पोशाख आला, टोपी आली आणि एकाऐवजी दोन टॉवेल. मंगल म्हणाली, "दोन कशाला, दादा?" ते म्हणाले, "असू दे." मला कळलं. जावयाला कामाला लावल्याचं ते फेडत होते. सकाळभर मी घरचा झालो होतो, आणि दुपारी सव्याज पाहुणा करून मला परत खुर्चीत बसवण्यात आलं. त्यांची मान खाली होती, माझीही. तो दुसरा टॉवेल मी कधी वापरला नाही, गाडीच्या मागच्या सीटवर प्लास्टिकच्या पिशवीत तसाच पडून राहिला.

शेवटच्या दुखण्यात दादा नगरच्या दवाखान्यात होते, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मेहुणा सोनईहून यायचा, रात्र जागायचा. मला म्हणायचा, "दाजी, तुमी फक्त भेटून जात जावा." एकदा तो औषधं आणायला खाली गेला असताना दादांना लघवीला जायचं होतं. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "न्हाई. पोराला यिऊ द्या." आम्ही दोघं त्याची वाट बघत राहिलो. ते त्रासानं ओठ आवळून, मी हात लोंबकळत ठेवून. मी धाकानं गप्प राहिलो की संस्कारानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ते आठवलं की कानशिलं तापतात.

दादांचं सगळं आटोपल्यावर, गेल्या आठवड्यात सोनईला गेलो. मंगल आधीच तिथे होती, मी एकटाच होतो. वाटेत घोडेगावला थांबून उगाच बॉनेट उघडलं, कूलंट बघितलं, सेन्सरच्या वायरीची टोपी दाबून बघितली. काही बिघडलेलं नव्हतं. अंगणात उतरलो आणि सवयीनं थांबलो... कुणी आलं नाही. मग माई तांब्या घेऊन बाहेर आल्या. इतक्या वर्षांत आमचं बोलणं "जेवा" आणि "राह्यला का" याच्या पुढे गेलेलं नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गाडीकडे बघत विचारलं, "काटा कुठं हुता?"

"मधोमध," मी म्हणालो.

"मग बरंय."

पाणी घ्यायला हात पुढे केले तर बोटं काळी. मी ती झटकन मागे लपवली. माई आत गेल्या, पावडरीचा डबा घेऊन आल्या आणि पावडर माझ्या तळव्यांवर ओतली. "कुनी बगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. मी चमकून बघितलं, तर त्या पाणी घालत राहिल्या. "त्या दिवशी मी खिडकीत हुते. ह्यांनी बी मागनं सांगितलंच मला. म्हनले, पोराचा हात लई थिर हाय गं. पर तू बोलू नको कुटं, मला लाज वाटती."

पोराचा, असं म्हणाले होते ते. मी गाडीतून ती पिशवी काढली, फाडली, आणि कोऱ्या टॉवेलला हात पुसले. पावडरीनं न निघालेलं काळं त्यावर उमटलं. माई बघत होत्या. मग त्या कडुनिंबाकडे गेल्या, लाल खुर्ची ओढून सावलीत आणली आणि पदरानं पुसली.

"बसा," त्या म्हणाल्या.

आणि मी बसलो.