डाव्या डोळ्याचं तापमान

माझ्या बायकोचे मामा जगाकडे दोनच प्रश्न मनात धरून बघतात: हे किती तापलंय, आणि हे किती जाड आहे. माणूस, मोटार, पोळी, पाण्याची टाकी, कुणाचीही यातून सुटका नाही. उंब्रजला त्यांच्या घरी मी जावई म्हणून पहिल्यांदा गेलो तेव्हा चहा पुढे आला. मी कप उचलणार तोच मामांनी वाफेकडे बघून हात आडवा धरला. "जावईबापू, थांबा. अजून सत्तरच्या खाली आला न्हाई." मी थांबलो. तेव्हापासून आजतागायत त्या घरात माझी जीभ भाजलेली नाही, आणि गरम चहाही मिळालेला नाही.

मामांची उमेदीची सगळी वर्षं परमुलखातल्या एका मोठ्या पोलाद कारखान्यात गेली. तापलेलं लोखंड लाटण्याचं त्यांचं खातं. भट्टीतून वीतभर जाडीचा केशरी ठोकळा बाहेर येतो, पोलादी लाटण्यांच्या एकामागून एक जोड्यांमधून चेपत, लांबत पळत सुटतो आणि चार-पाच मिनिटांत दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जाडीचा पत्रा होऊन पलीकडे गुंडाळला जातो. ठोकळा पुरेसा तापलाय की नाही हे मामा नुसत्या रंगावरून सांगत. कमी तापलेला आत गेला तर लाटणी दुखावतात, जास्त तापला तर वरून खपल्या धरतात आणि इंधन फुकट जातं. नोकरी सोडून ते गावी आले, पण ती नजर काही कारखान्यात ठेवून आले नाहीत.

पत्रा दिसला की त्यांचा अंगठा शिवशिवतो. एका भाचीच्या लग्नात ते नवरदेवाच्या फुलं लावलेल्या गाडीभोवती बोटाच्या पेरानं टकटक करत फिरले आणि भर मांडवात म्हणाले, "पत्रा बरा हाय, पर ह्या दारात लय पुट्टी भरलीया. गाडी ठोकल्याली हाय." वरपक्ष तासभर जेवायला बसेना. गाडी खरोखरच ठोकलेली होती, पण हे नवरदेवाच्या बापालाही त्याच दिवशी कळलं. आणखी एकदा त्यांनी मामींच्या पुरणपोळीत हात घातला. दाब आला की लाटणं केसभर वाकतं, म्हणून पोळी मध्ये जाड आणि कडेला पातळ होते, असं त्यांचं निदान. कारखान्यात यावर उपाय म्हणून लाटणी मधोमध किंचित फुगीर घासत. मामांनी सुताराकडून तसंच लाकडी लाटणं करून आणलं. पहिल्याच पोळीचं पोट फाटून पुरण बाहेर आलं. मामी शांतपणे म्हणाल्या, "आवं, लोखंडात पुरण भरत्यात का?" मामांनी विचार केला आणि तुमचा दाब कमी पडला, असा निकाल दिला. ज्वारीच्या भाकरीला मात्र ते कधी बोलले नाहीत. ती थापतात, त्यामुळे ते दुसऱ्या खात्याचं काम.

कुणी म्हणेल, म्हातारा नव्याचा वैरी असेल. तसं मुळीच नाही. धावत्या पत्र्याची जाडी हात न लावता किरणांनी मोजणारी यंत्रं, त्या मापावर क्षणाक्षणाला आपला दाब बदलणारी लाटणी, पत्र्याला हवा तेवढाच कणखर करणारे पाण्याचे पडदे, हे सगळं ते देवळातल्या मूर्तीबद्दल बोलावं तसं बोलतात. हल्ली काही ठिकाणी ओतलेलं पोलाद गार होऊच देत नाहीत, तसंच पुढे लाटायला सोडतात, हे त्यांनी मोबाइलवर बघितलं त्या दिवशी मला तीनदा फोन आला. "तव्यावरनं थेट ताटात, जावईबापू. किती इंधन वाचलं आसंल, सांगा."

त्यांचं भांडण फक्त एका यंत्राशी होतं. ठोकळ्याची उष्णता दुरून मोजणारा एक डबा त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी भट्टीच्या तोंडाशी बसला. त्याची जबाबदारी एका तरुण इंजिनियर मुलीवर होती, ती आपल्याच विट्याची. विट्याची माणसं सोनं गाळायला देशभर जातात, ही लोखंडाकडे आली, याचं मामांना फार कौतुक. पण डबा म्हणे ठोकळा तयार आहे, आणि मामांना तो लालसर, म्हणजे थंड दिसे. ते ठोकळा अडवून धरत. एके दिवशी सगळ्यांदेखत ते त्या पोरीवर ओरडले, "डब्यावर इस्वास ठेवतीस, माणसावर न्हाई." वरिष्ठांनी डब्याची बाजू घेतली. मामांनी सहा महिने शिल्लक असताना राजीनामा दिला, निरोपाचा हारही घेतला नाही. आपली नजर खरी होती, एवढ्या एका गोष्टीवर ते पुढची वर्षं उभे होते.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला तेव्हा म्हणूनच ते हटून बसले. भिंग बदललं की रंग बदलणार, आणि रंग बदलले तर आपल्याजवळ राहिलं काय, हा त्यांचा प्रश्न. दोन वर्षं गेली. मग महामार्गाच्या कडेला एका मोटरसायकलचा धक्का लागता लागता राहिला आणि मामींनी बोलणं बंद केलं. चौथ्या दिवशी मामा तयार झाले. कऱ्हाडला उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डावा महिन्याभरानं करायचा ठरला.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दुपारी ते मला घेऊन गावातल्या शिकलगार चाचांकडे गेले. चाचा ऊसतोडीचे कोयते घडवतात, त्यांची भट्टी अंधाऱ्या पडवीत आहे. माझं विजेच्या सामानाचं दुकान, तिथलं भट्टीची उष्णता मोजायचं यंत्र मला मुद्दाम बरोबर घ्यायला लावलं होतं. चाचांनी लोखंड बाहेर काढलं. मामांनी आधी जुन्या, डाव्या डोळ्यानं बघितलं, उजव्यावर तळहात धरून. "आठशे चाळीस." मग हात बदलला. "नऊशेच्या वर," ते हळूच म्हणाले. "तुमचं काय म्हणतंय?"

माझं यंत्र नऊशे बारा म्हणत होतं. खोटं सांगावं असं मला फार वाटलं, पण त्या माणसाला आकड्यात फसवणं जमलं नसतं. मी सांगितलं. चाचा म्हणाले, "आवं मामा, बसा जरा." मामा ऐरणीशेजारच्या फळीवर बसले, आणि मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

घरी येऊन त्यांनी विट्याच्या त्या मुलीचा नंबर जुन्या सहकाऱ्याकडून मिळवला आणि माझ्यासमोरच फोन लावला. "पोरी, तुजा डबा बरोबर हुता. माजा डोळा चुकत हुता. तुला सगळ्यांम्होरं बोललो." मग ती म्हणाली, "काका, मला तवाच शंका आली हुती. पर तुमचा डोळा गेलाय, आसं तुमाला कुणी सांगायचं?" मामांनी विचारलं, किती माल बिघडला माझ्यामुळं. "बिघडला कुठं? जरा जास्त तापला, इंधन गेलं थोडं. तुमी गेल्यावर मलाच करमंना." मामांनी बरं म्हणून फोन ठेवला आणि मामींना चहा टाकायला सांगितला.

परवा डाव्या डोळ्याची पाळी होती. आदल्या दिवशी मामा पुन्हा चाचांकडे जाऊ म्हणाले. यंत्र आणू का विचारलं, तर नको म्हणाले. चाचांनी लोखंड काढलं. मामांनी नवा डोळा झाकला आणि जुन्या डोळ्यानं बघत राहिले. आकडा सांगितला नाही. लोखंड विझत काळं पडेपर्यंत ते बघत होते, आणि कुणी न सांगताच चाचांनी ते परत भट्टीत सारलं.

"चुकीचाच हाय ह्यो लाल," मामा म्हणाले. "पर लय ग्वाड हाय, जावईबापू. उद्यापास्नं न्हाई दिसायचा."