काम कोण देतंय?

विजूताई मयेकरांना मी कधी खुर्चीत टेकलेलं पाहिलं नाही. तालमीला आम्ही मुलं गोल करून बसायचो आणि त्या आमच्याभोवती फेऱ्या मारायच्या. हातात वडापाव, तोंडात अर्धा घास, आणि तशातच ओरडणं चालू. "अरे नित्या, बोलतोयस की जप करतोयस? रस्त्यावर नाटक आहे, देवघरात नाही!"

नित्या म्हणजे मी. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. चारचौघांत बोलायची भीती जावी म्हणून मी पथनाट्याच्या गटात नाव दिलं होतं. विजूताई विम्याच्या ऑफिसात कारकून होत्या. भांडुपला वडिलांच्या खोलीत एकट्या राहायच्या आणि ऑफिस सुटलं की आमचं नाटक बसवायला मुलुंडला यायच्या. थकल्यात का असं विचारलं तर म्हणायच्या, "थकायला वेळ कुणाकडे आहे? चल, पहिल्यापासून घे."

त्या वर्षी मुलुंडच्या काही सोसायट्यांनी मिळून 'भीक नको, संधी द्या' अशी मोहीम काढली होती. फलक, पत्रकं आणि आमचं नाटक. त्यात मी साहेब होतो. भिकारीण हात पुढे करते, मी म्हणतो, "भीक मागू नका, माझ्याकडे काम करा." ती डोळे पुसते आणि लोक टाळ्या वाजवतात. विजूताईंना हा प्रसंग खुपायचा. "फार गुळगुळीत आहे रे," एवढंच त्या म्हणायच्या. नेमकं काय खटकतंय ते त्यांनाही सापडत नव्हतं, त्यामुळे सगळा राग माझ्या टायवर निघायचा.

एका रविवारी सकाळी उड्डाणपुलाजवळच्या एका सोसायटीच्या फाटकासमोर प्रयोग होता. पुलाखाली राहणारी शांता आपल्या म्हाताऱ्या सासूला घेऊन अगदी पुढे येऊन बसली. ती सिग्नलला पेनं विकायची, आणि पेनं खपली नाहीत की हात पसरायची. माझं वाक्य झालं, टाळ्या झाल्या, आणि शांता मोठ्याने म्हणाली, "ओ बाबू, खरंच देतो का काम? राहतो कुठं तू?"

लोक हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. विजूताई मात्र गर्दीतून तरातरा मध्ये आल्या आणि त्यांनी नाटकच थांबवलं.

"बरोबर विचारतेय ती. आमचा साहेब खोटा आहे, टायसुद्धा भाड्याचा आहे त्याचा. तुमच्यापैकी काम कोण देतंय? हात वर करा."

कुणी मोबाइल काढला, कुणाला एकदम घरचं काम आठवलं. विजूताई एकेकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही? नाही? बरं. तुम्ही?" शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचा हात वर गेला, तोही जेमतेम खांद्यापर्यंत. भांडी आणि केरफरशी. "आणखी वर, काकू! दिसू दे सगळ्यांना!"

दुसऱ्याच दिवशी विजूताई शांताला घेऊन तिथे गेल्या, मीही होतो, आणि फाटकावरच अडलं. कामाला येणाऱ्या बाईची पोलीस पडताळणी लागते आणि त्यासाठी पत्ता लागतो. सेक्रेटरी समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, पुलाखाली हा काय पत्ता झाला?"

"माझा घ्या मग."

"ती खरंच तुमच्याकडे राहते?"

 विजूताई शांताकडे वळल्या. "येतेस?"

शांता म्हणाली, "सासूला विचारते."

"तिलाही घे! विचारत काय बसतेस, रिक्षा थांबव."

शांताला काम लागलं. भांडुपच्या त्या खोलीत आता तिघी झाल्या. विजूताई तक्रार करायच्या, पण चेहरा खुललेला असायचा. "म्हातारी दार लावू देत नाही रे. म्हणते, कोंडल्यासारखं होतं. मला म्हणते, ताई, तू एकटीच तर इथं मावत नाहीस, आमाला कशाला आणलंस? भांडायला माणूस मिळालं बघ."

तालमी मात्र बंद पडल्या. कॉलेजांची पथनाट्य स्पर्धा तोंडावर आली तेव्हा मी बोलवायला गेलो. विजूताई नळावर रांगेत होत्या.

"ताई, तुमच्याशिवाय नाटक बसत नाहीये."

"तुमच्या नाटकात बाई कामाला लागली की टाळ्या पडतात आणि संपतं. इथे त्याच्यानंतर पाणी भरायला लागतं. सरक, नंबर आला माझा."

चाळीतल्या कुणीतरी त्यांच्या भावाला फोन केला होता. खोली दोघांच्या नावावर होती. तो डोंबिवलीहून आला आणि दारातूनच म्हणाला, "ताई, या बायका इथून जायला हव्यात. नाहीतर माझा वाटा मोकळा कर."

शांताने बोचकं बांधायला घेतलं. तिला त्याची सवय होती. विजूताईंनी ते तिच्या हातातून हिसकावलं. "तू परत पुलाखाली गेलीस की उद्या फाटक बंद. काम गेलं. आधी दुसरी खोली, मग बोचकं!"

पुढचे कितीतरी दिवस ऑफिस सुटलं की त्या भाड्याची खोली शोधत फिरायच्या, मागे शांता, तिची सासू आणि मी. जिथे जाऊ तिथे घरमालक दोघींकडे बघून विचारायचा, "या कोण तुमच्या?" विजूताईंनी "माझी माणसं" म्हटलं, की खोली आधीच दिलेली निघायची. अखेर टेकडीवर, रिक्षा चढत नाही अशा ठिकाणी एक खोली मिळाली. भांडुपची खोली विकून भावाला त्याचा वाटा मिळाला आणि विजूताईंच्या वाट्याला भाडं आलं.

सामान हलवायला मी गेलो होतो. खांद्यावर सिलिंडर घेऊन वर पोचलो तेव्हा नवा घरमालक दारात उभा राहून सगळ्यांना न्याहाळत होता.

"या दोघी?"

"माझी माणसं."

"आणि हा?"

विजूताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. 

"हा अजून नाटकातच काम करतो," त्या म्हणाल्या. "सिलिंडर आत घे रे, दारात काय उभा!"