पट्टीखालचा राणी रंग

आमच्या घरात कोणतीच वस्तू उघड्या अंगानं राहत नाही. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, त्यावर रबर. खुर्च्यांवर कापड, कापडावर आणखी जुनं कापड. मिक्सर घेतला तेव्हा त्याच्या बटणांवर पातळ कागद होता, तो अजून जागेवर आहे. मी चटणी वाटते ती त्या कागदावरूनच बटण दाबून. हा सगळा कारभार माझ्या नवऱ्याचा. नाव बाबूलाल. लिहिताना नाव घेते, तोंडानं घेत नाही. तोंडानं ‘अवो जी’ म्हणते, आणि हल्ली ज्या आवाजात म्हणते तो आवाज शेजाऱ्यांनाही पाठ झाला आहे.

आम्ही आंधळगावचे विणकर. भंडाऱ्याचा शेठ रेशीम देतो, रंग आणि काठही तोच ठरवतो. हे मागावर बसून पातळ विणतात आणि घडी करून त्याच्या दुकानात पोचवतात. विणून झालेला भाग जुन्या धोतरानं झाकायचा, मागाजवळ चहा प्यायचा नाही, डोक्याला तेल लावलं असेल तर तिकडे फिरकायचं नाही, हे मी लग्न होऊन आले तेव्हाच शिकले. डाग पडला की शेठ माल परत करतो. असं परत आलेलं पातळ हे माझ्यापुढे ठेवतात आणि दर वेळी तेच म्हणतात, “डाग पडला वं. आता नेस तू.”

माझ्या पेटीत कोशाच्या रेशमाची पातळं बरीच आहेत. बाया म्हणतात, शोभाताईचा नवरा मोठा हौशी. एकाच्या पदरावर तेलाचा ठिपका आहे, एकाच्या काठाचा रंग फुटलाय, एक मागाच्या खिळ्याला अडकून ओढलं गेलंय. डाग निऱ्यांच्या आत कसा घालायचा, हे माझ्याइतकं कोणाला येत नसेल. मला याचं कधी वाईट वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे.

हे विणतात तेव्हा सुताच्या कांड्या मी भरते. काठाला सगळ्यात जास्त खपतो तो राणी रंग. त्या रंगाचं सूत माझ्या बोटांवरून आयुष्यभर गेलं आणि कोणाकोणाच्या लग्नात जाऊन मिरवलं. माझ्या अंगावर बिनडागाचा राणी काठ एकदाही आला नाही. म्हणून सायकल घ्यायची ठरली तेव्हा रंग मी निवडला. बचत गटांच्या बैठका घ्यायला मला आजूबाजूच्या गावांत जावं लागतं आणि ऑटोचा काही भरवसा नसतो. लाखांदूरकडच्या माहेरी लहानपणी मी सायकल चालवायचे, ते पाय विसरले नव्हते. दुकानदार म्हणाला, जांभळी घ्या, मळ दिसत नाही. कोपऱ्यात राणी रंगाची उभी होती. मी म्हटलं, हीच पाहिजे, मळ दिसला तर दिसला.

थोडेच दिवस ती मला तशी चालवायला मिळाली. तलावाच्या पाळीवरून जाताना मी रस्त्याकडे कमी आणि दांड्याकडे जास्त बघायचे. समोरून येणाऱ्या बाया थांबून म्हणायच्या, रंग काय सुंदर आहे. मग एका संध्याकाळी, कुलूप घासतं त्या जागी, यांना तांदळाच्या कणीएवढा ओरखडा सापडला. टॉर्च घेऊन ते सायकलपाशी बसले ते जेवायलासुद्धा उठेनात. दुसऱ्या दिवशी माग बंद ठेवून भंडाऱ्याला गेले.

तिथे बसस्टँडजवळ विक्की नावाच्या पोराचं रेडियमचं दुकान आहे. नंबरप्लेट बनवतो, गाड्यांवर चित्रं चिकटवतो. त्यानं यांना सांगितलं की दांड्यांवर विनाइल चिकटवलं तर रंगाला ओरखडा येत नाही. आरपार दिसणारं विनाइल नागपूरहून मागवावं लागेल आणि उन्हानं ते पुढे पिवळं पडतं, हेही त्यानं इमानदारीनं सांगितलं. पिवळं पडतं म्हटल्यावर विषय संपला. रंग बिघडण्याची धास्ती यांच्या हाडात आहे. हे घरी आले ते काळ्या विनाइलचं भेंडोळं काखेत मारून. काळ्यातून ऊन आत जात नाही, आतला रंग जन्मभर ताजा राहतो, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, तो ताजा रंग बघायचा कोणी? यांनी ऐकलं नाही. ते कात्री शोधत होते.

विक्कीनं सांगितलं होतं की दांड्याच्या लांबीएवढा सरळ तुकडा घ्या, जोड खालच्या बाजूला ठेवा, थोडं गरम करून ओढा. हे विणकर माणूस, यांना सरळ तुकडा कसा पटावा? यांनी विनाइलच्या अरुंद पट्ट्या कापल्या आणि कांडीवर सूत भरतात तशा दांड्याभोवती गुंडाळल्या, वळशाला वळसा चढवत. हात मात्र सुरेख चालतो यांचा, ते नाकारत नाही. संध्याकाळपर्यंत माझी राणी सायकल काळी झाली. मला रडू आलं, आणि सायकलसाठी रडतेय म्हणून स्वतःचाच राग आला.

पुढच्या बैठकीत एका बाईनं विचारलं, ताई, नवीन घेणार होत्या ना तुम्ही, मग ही जुनी कोणाची आणली? मी नखानं पट्टीची कड उचलून आतला रंग तिला दाखवला. पुढे ती सवयच लागली. कुठे थांबले की कड उचलायची, बघायचं, दाबून टाकायची. उन्हाळा लागला तशा कडा आपोआपच सुटायला लागल्या. सूत गुंडाळलं की बसतं, विनाइल तसं बसत नाही, हे यांना कोण सांगणार? हे म्हणाले, धुळीनं होतंय. मग कडक गोंदाची नळी आणली आणि रोज संध्याकाळी एकेका वळशाखाली गोंद भरून, फडक्यानं आवळून ठेवायला लागले. गोंद वाळेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही. म्हणजे मी पायी.

पाऊस सुरू झाला, धानाची रोवणी लागली, पाळीवर चिखल झाला. आता पट्टीच्या फटीतून पाणी आत जाईल म्हणून सायकल माजघरात आली. वर झाकण घातलं, मागावरचं तेच जुनं धोतर. सकाळी मी पिशवी घेऊन निघाले की हे मागावरूनच म्हणायचे, आज चिखल आहे, पायी जा. चिखल आहे म्हणून तर मला सायकल पाहिजे होती. हे मी किती वेळा बोलले असेन! शेवटी शेवटी मी बोलणं सोडून दिलं आणि भांडी आपटायला लागले.

एका मंगळवारी पलीकडच्या गावात मोठी बैठक होती. नवा गट बांधायचा होता, आणि त्यासाठी मी घरोघर जाऊन बायांना राजी केलं होतं. रोवणीच्या दिवसांत बाया सकाळी थोडाच वेळ मोकळ्या असतात. मी पायी निघाले, पाळीवर घसरले, पिशवी चिखलात पडली. पोचले तेव्हा समाजमंदिरात अंथरलेली सतरंजी होती आणि एक म्हातारी होती. बाया वाट बघून धानाच्या बांधीत रोवायला गेल्या होत्या. म्हातारी म्हणाली, तुह्याजवळ सायकल हाय म्हणत होते ना वं?

घरी आले ती गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. आत सायकल धोतराखाली उभी होती, कोरडी ठणठणीत, आणि हे तिचं चाक पुसत होते. मी धोतर ओढून काढलं.

“अवो जी, हे पातळ होय का?” मी म्हटलं. “सायकल हाय ते. कोण्या शेठले पोचवाची हाय सांगा मले.”

हे गडबडले. “खराब होऊन जाईन वं,” म्हणाले. “तुह्याचसाठी तं जपून राहिलो.”

खरं सांगायचं तर ते खोटं बोलत नव्हते. या माणसाच्या हातून जे जे चांगलं झालं ते दुसऱ्याच्या घरी बिनडागाचं पोचवायचं होतं. स्वतःची वस्तू वापरून जुनी करायची असते, हे त्याला कोणी शिकवलंच नाही. हे मला तेव्हाही कळत होतं, तरी राग काही आवरला नाही. मी मोठ्या दांड्यावरच्या पट्टीचं टोक धरलं आणि ओढलं.

पट्टी निघाली आणि रंगाला सोबत घेऊन निघाली. जिथे जिथे गोंद होता तिथला रंग सोलला गेला. दांड्यावर उघड्या लोखंडाचे वळसे, मधे मधे राणी रंग, अर्धवट भरलेल्या कांडीसारखं दिसत होतं. माझ्या हातातल्या पट्टीच्या आतल्या बाजूला बाकीचा रंग चिकटून आला होता. अगदी ताजा.

मला वाटलं, आता हे ओरडतील. यांनी सोललेल्या जागेवरून बोट फिरवलं, कापडातला तुटलेला धागा शोधतात तसं. मग मोठा श्वास सोडला. तो सुटकेचा होता, हे मी कोणासमोरही सांगेन. कपाळावरच्या आठ्या गेल्या. खाली पडलेलं धोतर उचलून यांनी झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

“डाग पडला वं,” हे म्हणाले. “आता ने तू कुठीबी. चिखलात बी ने.”

प्रेमानं म्हणाले, म्हणून मला आणखीच लागलं. इतक्या वर्षांत मी एक वस्तू बिनडागाची मागितली होती. तीसुद्धा डाग पडल्यावरच माझी झाली, आणि या वेळी तो डाग मीच पाडला होता. पट्टी यांच्या अंगावर भिरकावावीशी वाटली. भिरकावली नाही. बांधीतल्या बाया दुपारी भाकर खायला झाडाखाली बसतात, लगेच सायकलनं निघाले तर तेव्हा त्यांची गाठ पडली असती.

सायकल अंगणात आणली. चिखलानं भरलेली पिशवी हँडलला लटकवायला उचलली आणि माझ्या हातांनी, मला न विचारता, ती मोठ्या दांड्यावर अशी टाकली की सोललेल्या जागेचा डाग आत जावा.