ज्याची टोपी, त्यानेच काढायची

माननीय धोंडिराम सरगर, म्हणजे आम्हा सगळ्यांचे हवालदार, यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. मी सांगलीत एका हळदीच्या कारखान्यात कामाला होतो. हळकुंडांना झिलई आणण्यासाठी तिथे लोखंडी जाळीचे चार मोठे ड्रम मोटरवर फिरत, आणि त्या मोटरींचे भिंतीवरचे चार खटके माझ्या ताब्यात होते. हवालदार लष्करातून निवृत्त होऊन मुकादम म्हणून आले. पहिल्याच सकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "दोन नंबरात जुना माल हाय. अर्धा तास फिरवा, मग थांबवून मला हाक मारा."

मी मान हलवली.

"मान नगं. काय सांगितलं ते परत सांगा."

वयाने मी त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. चार माणसे बघत होती. मी म्हणालो, "आवं, मी काय बिगारीतलं पोर हाय का, धडा म्हनून दाखवायला?"

"बिगारीत चुकलं तर छडी बसती. हितं चुकलं तर हात जातो. सांगा."

मी रागारागाने सांगितले, आणि अर्ध्या तासाच्या जागी एक तास म्हणालो. सगळे हसले. हवालदार हसले नाहीत. त्यांनी पुन्हा सांगितले, मी पुन्हा म्हणून दाखवले, तेव्हा "आता बराबर" एवढे बोलून ते पुढे गेले. असला उद्धट माणूस उभ्या जन्मात पाहिला नाही, असे मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितले.

हवालदारांचे गाव म्हसवडच्या पलीकडच्या माळावर. घराणे मेंढपाळांचे. लष्करात ते तारा ओढणाऱ्या आणि निरोप पोचवणाऱ्या तुकडीत होते. तिथे निरोप घेणाऱ्याने तो शब्द न् शब्द परत म्हणायचा, मगच तो पोचला असे धरायचे. तीच रीत त्यांनी आमच्या कारखान्यात आणली. ते म्हणत, "सांगनाऱ्याचं काम त्याचं तोंड मिटलं की संपत न्हाई. ऐकनाऱ्याच्या तोंडातनं तेच आलं की संपतं." पोरे त्यांना पाठीमागे ‘परतसांगे’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होते.

पण ही रीत त्यांनी फक्त आमच्यासाठी ठेवली नव्हती, हे लिहिलेच पाहिजे. आमच्याकडे झाडणाऱ्या शेवंताबाई होत्या. एकदा त्या भीत भीत त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटल्या. हवालदार लगेच म्हणाले, "चार नंबरापाशी पट्टा जळल्यावानी वास येतोय, परवाधरनं. बराबर का, बाई?" बाई होय म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "इतकी वर्सं बोलतीया, पर माझं बोलनं मलाच कुनी परत ऐकवलं न्हवतं बगा." पट्टा खरोखरच जळत होता. त्याआधी दोन दिवस बाईंनी ते ऑफिसातही सांगितले होते. तिथल्या बाबूने होय होय म्हटले होते.

आता मला जे लिहायचे आहे ते लिहितो.

हवालदारांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीने मला छापील पत्र पाठवले आहे. ‘हवालदारांचे प्रभावी संवादकौशल्य’ या विषयावर दोन पाने लिहावीत, प्रसंग गोड असावेत, कटू आठवणी टाळाव्यात. मी मराठी चौथीपर्यंत शिकलो. संवादकौशल्य म्हणजे काय, ते मी शेजारच्या मास्तरांना विचारून आलो. मग पत्राच्या तळाशी समितीची नावे वाचली आणि माझे डोके फिरले. त्यात आमच्या कारखान्याचे तेव्हाचे मॅनेजर आहेत. त्यांचे नाव मी लिहीत नाही. त्यांना ठाऊक आहे. साहेब, संवादावर लेख मागवायला तुम्हाला काहीच कसे वाटले नाही?

ड्रमची जाळी फाटली की आमचा बसाप्पा आत उतरून ती शिवायचा. बसाप्पा जतच्या बाजूचा, बोलायला मोकळा, हाताने चलाख. दोन-तीन ड्रम एकदम फिरू लागले की कानाशी ओरडलेलेही ऐकू येत नसे. म्हणून हवालदारांनी नियम केला होता: ड्रममध्ये उतरणाऱ्याने आपली टोपी त्या ड्रमच्या खटक्यावर अडकवायची. ज्याची टोपी, त्यानेच काढायची. मालक आले तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. चार वर्षे हा नियम चालला. टोप्या हळदीने पिवळ्याधमक झाल्या, पण कुणाचे नखही दुखावले नाही.

मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी हे मॅनेजर नवीन आले होते. एके दिवशी मुंबईचे खरेदीदार कारखाना बघायला यायचे होते. त्यांना आणायला हवालदारांना गाडीबरोबर स्टेशनवर पाठवले. ते गेल्यावर बसाप्पा तीन नंबरात उतरला. मी ते पाहिले. त्याने टोपी अडकवली, मला म्हणाला, "रामभाऊ, बग रं, माझी टोपी सांबाळ," आणि आत गेला. एक नंबर तेवढा चालू होता.

तेवढ्यात मॅनेजर आले. खटक्यांवर टोपी, खिळ्याला माझा टॉवेल, दोन गोणपाटे.

"काय लक्तरं लटकवली आहेत ही? पाहुणे काय म्हणतील? सगळं काढून टाका, ताबडतोब. कळलं?"

"होय साहेब."

हेच ते होय. मला विचारायचे होते, साहेब, तीन नंबरात माणूस आहे, त्याला आधी बाहेर बोलावू ना? एवढे एक वाक्य. ते ओठावर आले आणि साहेबांनी घड्याळ पाहिले. आपल्याला साधे काम कळत नाही असे त्यांना वाटेल, या भीतीने मी गप्प बसलो. आम्हा अर्धवट शिकलेल्यांची हीच खोड. न कळले तरी होय म्हणतो, आणि कळले तरी विचारत नाही. टोपी काढून मी फळीवर ठेवली.

बसाप्पाला सांगायला वळलो तर साहेबांनी मला फाटकापाशी पाणी मारायला पिटाळले. पंधरा-वीस मिनिटांनी परत आलो तेव्हा पाहुणे दारात होते. साहेबांनी मला लांबूनच बोटाने खूण केली, सगळे चालू करा. मी खटक्यांकडे पाहिले. टोपी नव्हती. टोपी नाही म्हणजे ड्रम रिकामा, हे हाताला इतके बसले होते की ती टोपी मघाशी आपणच काढली हे हात विसरला. मी दोन नंबर वर केला. तीन नंबर वर केला.

पाहुण्यांच्या मागून हवालदार येत होते. फळीवरची पिवळी टोपी त्यांनी पाहिली आणि एवढा शिस्तीचा माणूस पाहुण्यांना ढकलून धावला. त्यांनी सगळे खटके खाली ओढले तोवर तीन नंबरचे दोन-तीन फेरे झाले होते.

बसाप्पाला बाहेर काढले तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापासून भलतीकडे वळला होता. तो पहिले वाक्य बोलला ते, "माझी टोपी कुनी काढली?"

मी बोललो नाही. साहेबही बोलले नाहीत. ते पाहुण्यांना चहाला घेऊन गेले. हवालदारांनी फळीवरची टोपी उचलली, तीन नंबरच्या खटक्यावर परत अडकवली आणि बसाप्पाला गाडीत घालून दवाखान्यात नेले. मागाहून निरोप आला, बाकीचे ड्रम चालू करा. त्या दिवशी पुन्हा एकाही खटक्याला कुणी हात लावला नाही. मीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून माझ्यापुढे टाइप केलेला इंग्रजी कागद ठेवला. "चौकशीचा आहे. सही करा." मी केली. तेवढ्यात हवालदार आत आले.

"साहेब, ह्यात काय लिवलंय ते रामभाऊंना मराठीत सांगा. मग हे परत सांगतील. मग सही."

"सही झाली आहे," साहेब म्हणाले. "आणि ही लष्करी छावणी नाही, हवालदार."

"तितं असतं तर बरं झालं असतं. तितं निरोप चुकला तर चुकवनाऱ्याला विचारत्यात."

कागदात काय होते ते मला आठ दिवसांनी कळले, बसाप्पाला कामावरून काढले तेव्हा. त्यात लिहिले होते की बसाप्पा टोपी न अडकवता आत उतरला. आणि खाली साक्षीला मी. रामचंद्र, ठसठशीत सही, चौथीत मास्तरांनी घोटून घेतलेली.

हवालदार त्याच दिवशी नोकरी सोडून गेले. मी राहिलो. मला भीती वाटत होती. तेव्हाही वाटत होती, आत्ताही वाटते आहे.

पुढे हवालदार गुळाच्या बाजारात हमालांचे मुकादम झाले आणि त्यांनी सगळ्यांत आधी बसाप्पाला तिथे लावून घेतले. त्याचा हात सरळ होत नाही, पण आवाज खणखणीत आहे. कोणती ढेप कोणत्या दुकानी जायची ते तो ओरडून सांगतो, आणि हमाल ते ओरडून परत सांगतात. बाजारात गेलात तर आजही ऐकू येईल. याच हमालांनी आणि व्यापाऱ्यांनी हा साठीचा सोहळा ठरवला, ते योग्यच केले. साहेबांना समितीत कुणी घेतले, ते मात्र मला कुणीतरी सांगावे.

मी वर्षभर हवालदारांना तोंड दाखवले नाही. ते दिसले की गल्ली बदलायचो. मग मला विषमज्वर झाला आणि हवालदार आपणहून घरी आले. खाटेशी बसले. डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, कोणती गोळी कधी ते समजावले आणि म्हणाले, "आता परत सांगा." मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. या माणसाने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. गोळ्या कसल्या सांगता? मी रडत रडत गोळ्या परत सांगितल्या. मग विचारले, "हवालदार, तुमी मला त्या टोपीचं का विचारत न्हाई?"

ते म्हणाले, "विचारून आलेलं उत्तर माझं असतंय, रामभाऊ. तुमी सांगाल तवा ऐकीन."

मी तेव्हाही सांगितले नाही.

हा लेख समितीकडे देण्याआधी मी गुळाच्या बाजारात जाऊन बसाप्पाला वाचून दाखवला. हवालदारांच्या रीतीप्रमाणेच. तो ढेपेवर बसून ऐकत होता. मग म्हणाला, "टोपी तू काढलीस ते मला तवाच कळलं हुतं, गड्या. दुसरं कोन काढनार? पर एक ऱ्हायलंय. ड्रम हलला तवा मी तुला हाक मारली हुती. रामभाऊ म्हनून. दोनदा. ते लिव."

लिहिले आहे.

समितीला माझे सांगणे आहे. हा लेख दोन पानांपेक्षा लांब झाला आहे, आणि गोड नाही. छापायचा तर सबंध छापा, नाहीतर सबंध परत करा. मधलेच काढून वरचे आणि खालचे छापाल तर माझे नाव घालू नका. ती टोपी एकदा काढून झाली आहे. या लेखातून पुन्हा काढू नये.

हवालदार, तुम्ही ऐकीन म्हणाला होतात, म्हणून आता सांगतो. बसाप्पाने टोपी अडकवली होती. ती काढायला साहेबांनी सांगितले, काढली मी. त्याची चूक नव्हती. कागद खोटा होता, आणि न वाचता खाली सही केली ती माझी.

मी तुमच्याहून वयाने मोठा, तेव्हा आशीर्वाद देण्याचा हक्क तेवढा माझ्याकडे उरला आहे. कान शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि माझे उरलेले आयुष्यही तुम्हाला लाभो. त्या आयुष्यातली फक्त पाच मिनिटे मी मागतो. समारंभाच्या दिवशी बसाप्पा पुढच्या रांगेत असेल, साहेब व्यासपीठावर असतील. तेव्हा उभे राहून मी वर सांगितलेले एकदा सगळ्यांसमोर परत सांगा. तुमच्या तोंडून ते ऐकले की मला कळेल, पोचले. मग मी मान हलवीन.