सलमाताईंनी ऐकलेलं पहिलं वाक्य

दीड महिन्यापूर्वी ऑफिसातून घरी आले, तर ओवी दारातच उभी होती. “आई, सलमाताई गेल्या. त्यांच्या सुनेचा फोन आला होता,” एवढंच म्हणाली आणि माझ्या कुशीत शिरली. ओवी आता पाचवीत आहे. सलमाताई नाशिक रोडला आमच्या कॉलनीत बालवाडी चालवायच्या.

ओवी तीन वर्षांची झाली तरी ‘मम’च्या पुढे गेली नव्हती. सासूबाई म्हणायच्या, “तिचा बापही उशिराच बोलला.” मला तेवढा धीर पुरत होता. एक दिवस तिला बालवाडीतून आणायला गेले, तर सलमाताईंनी मला थांबवून घेतलं. “या वयाची मुलं तीन-तीन शब्द जोडून बोलतात हो. आज माझ्या हातून ताट पडलं, सगळी पोरं दचकली. ओवी मणी ओवत राहिली... तिचे कान तपासून घ्या.”

“माझी मुलगी बहिरी नाही!” सगळ्या पालकांसमोर मी ओरडले आणि दुसऱ्या दिवसापासून ओवीला पाठवणं बंद केलं.

आठवड्याने त्या स्वतःच घरी आल्या. “माझ्यावर रागवा, पोरीला दुसरीकडे घाला. पण तपासणी लांबवू नका.” त्या गेल्यावर मी ओवीच्या पाठीमागे उभी राहून हाक मारली. एकदा, दोनदा... ती वळली नाही.

तिला कानाची यंत्रं बसली, थेरपी सुरू झाली, आणि ती पुन्हा सलमाताईंकडे जाऊ लागली. वर्षभराने एका दुपारी तिला आणायला गेले, तर ओल्या फ्रॉकनिशी ती त्यांची ओढणी ओढत होती. “ताई, पाणी तांडलं!” सलमाताई फडकं घ्यायला उठल्याच नाहीत. “काय सांडलं?” त्यांनी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. ओवी दर वेळी जास्त चिडून सांगत होती आणि आम्ही दोघी रडत होतो.

पुढे कधीतरी मी म्हणाले, “तेव्हा मी तुम्हाला नको ते बोलले.” त्या हसल्या. “बोललात ना? मला न बोलणाऱ्यांचीच काळजी असते.”

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांची दीड वर्षांची नात खिडकीकडे बोट करून म्हणाली, “म्याऊ.” ओवी तिच्यासमोर फरशीवर बसली. “हो, म्याऊ आली,” म्हणाली आणि थांबली. मुलाच्या एका शब्दात आपला एक घालून परत द्यायचा आणि वाट बघायची, ही सलमाताईंची रीत. नात ओवीच्या ओठांकडे बघत राहिली...

“म्याऊ आली.”