आजीच्या नावावरचा चुना

तिला सगळे कात्री म्हणत. शिवणकामाचं दुकान होतं म्हणून नव्हे, जिभेमुळे. कपडे वेळेवर मिळायचे, पण चार शब्द ऐकून घेतल्यावर.

तिचा आजोबा फार जुन्या लढाईतला शिपाई. जखमी सोबत्यांना पाठीवर घालून परत आणलं म्हणून त्याला पदक मिळालं. दरवर्षी स्मृतिदिनाला नगराध्यक्ष त्याच्या कबरीवर हार घालत, आणि आदल्या दिवशी कात्री कबरीला चुन्याचा हात द्यायची. आधी आई द्यायची, मग ती देऊ लागली. मायेनं दिला, आणि तिथंच घोळ झाला.

यंदा नगराध्यक्षांनी संगमरवर बसवायचं ठरवलं. कोरून घेतलेल्या दगडाचा फोटो दाखवायला ते दुकानात आले. वर पदक, खाली आजोबाचं नाव.

"आणि आजी? त्याच कबरीत आहे ती."

"जुन्या दगडावर एकच नाव आहे, ताई. आम्ही बघून आलो."

कात्री तडक कबरीपाशी गेली. आजोबाच्या नावाखाली नुसता पांढरा थर. वरची अक्षरं पावसानं धुऊन निघत, खाली मात्र चुना साचत गेला होता. करायला गेले एक आणि झाले भलतेच! आजीला पुसलं कुणी, तर तिच्याच लाडक्या नातीनं. स्वतःचा इतका संताप आला की तिला रडू फुटलं. मग घरून लाकडी उलथनं आणून ती खरवडायला बसली. दुपारपर्यंत आजी नावानिशी वर आली.

नगराध्यक्षांनी येऊन पाहिलं. "नाव आहे खरं. पण पदक आजोबांना मिळालं. आजींनी काय केलं?"

"लढाई संपली असं तुम्हाला कुणी सांगितलं? घरी आला तो झोपेत किंचाळतच. भांडं पडलं तरी खाटेखाली शिरायचा. मरेपर्यंत त्याला सांभाळलं तिनं, वर लोकांची धुणी धुऊन पोरं वाढवली. पदक असेल एकट्याचं, कबर दोघांची आहे. दोन्ही नावं घाला, नाहीतर तुमचा संगमरवर तुमच्याच न्हाणीघरात बसवा."

"आता कोरून झालंय."

"मग न्हाणीघरच."

दुसऱ्या दिवशी गवंडी पहार घेऊन आला, तर कात्री कबरीवर मांडी घालून सदऱ्याला काजं करत बसलेली. आजी-आजोबांच्या मांडीवर बसायला कसली लाज?

"बाई, मला हुकूम आहे."

"मग माझ्यासकट उचल."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, पहारीकडे पाहिलं, आणि विडी पेटवून तो आल्या वाटेनं गेला.

स्मृतिदिनाला जुनाच दगड होता. नगराध्यक्षांनी आजोबाचं नाव घेतलं आणि हार घेऊन ते पुढे झाले. कात्री मध्ये उभी राहिली.

"अर्धंच वाचलंत."

गर्दीत कुजबुज झाली. नगराध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं, मग वाकून ते आजीचं नाव पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," कात्री म्हणाली.

त्यांनी घसा साफ केला आणि आजीचं नाव पुन्हा घेतलं, पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं.